तारीख ठरवून गेलं तर बिघडलं कुठे?

आमच्या आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक फोटो टाकला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. फोटो साधाच होता. न्यूकासलच्या आमच्या घरात फ्रिजवर चिकटवलेला कागद: अकरा दिवस, सात घरं, कुठल्या रात्री कुठे मुक्काम, कुठली गाडी, कुठे बदलायची. इंग्लंडभर विखुरलेल्या आपल्या माणसांना एका फेरीत भेटून यायचं, असं मी आणि बायको किती वर्षं नुसतं बोलत होतो. यंदा फेब्रुवारीतच सगळ्यांना विचारलं, ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला जोडून रजा टाकली, तारखा जुळल्या. त्या आनंदात टाकलेला फोटो.

पाच मिनिटांत पुण्याच्या मामेभावाचं उत्तर आलं. "आपल्याकडे पाहुणा म्हणजे देव. तुमच्याकडे पाहुणा म्हणजे अपॉइंटमेंट. रक्ताच्या माणसाला भेटायला सहा महिने आधी तारीख मागायची, ही कसली प्रगती?" खाली बारा जणांचे अंगठे. एका मावशीने हात जोडले होते.

यामागचं निमित्त नंतर कळलं. त्याच्या कोथरूडच्या सोसायटीत नवा नियम यायचा आहे. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ॲपवर, फ्लॅटवाल्याने मोबाइलवर होकार दिला तरच गेट उघडणार, आणि तीन रात्रींपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याची माहिती ऑफिसला लेखी कळवायची. या नियमावरून सर्वसाधारण सभेत मोठी वादावादी झाली. मामेभाऊ विरोधात उभा राहिला आणि भर सभेत म्हणाला, "हे परदेशी थेर आपल्याकडे नकोत, तिकडे सख्खा भाऊसुद्धा वेळ घेऊन येतो." म्हणजे गेट पुण्याचं, ॲप पुण्याचं, मागणी पुण्यातल्या सभासदांची, आणि खापर माझ्या फ्रिजवरच्या कागदावर.

मला राग आला तो अजून गेलेला नाही. अकरा दिवस गाडीत बसून मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होतो. ती इथे लिहितो.

पहिली गोष्ट, माझ्या घराला गेट नाही. आमच्या गल्लीतल्या चाळीसेक घरांपैकी एकालाही वॉचमन नाही. दार उघडलं की फूटपाथ. पोस्टमन, शेजारीण, मतं मागायला आलेला उमेदवार, हॅलोविनची पोरं, सगळे थेट दाराशी येतात आणि घंटा वाजवतात. "कोणाकडे?" असं रस्त्यावर उभं करून कोणी कोणाला विचारत नाही. आणि ज्या पुण्यात पाहुणा देव असतो, तिथे देवाला रजिस्टरात सही करावी लागते, गाडीचा नंबर लिहावा लागतो. त्याच सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना लिफ्टसुद्धा वेगळी आहे. त्यावर सभेत कोणी संस्कृतीचं नाव काढल्याचं ऐकलं नाही.

मी त्या गेटवर उभा राहिलेलो आहे, म्हणून बोलतो. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात. मुद्दाम न सांगता गेलो होतो. मामाच्या सांगलीतल्या जुन्या घरी आम्ही तसेच जायचो. दाराच्या फटीतून हात घालून आतली कडी काढायची आणि चप्पल काढता काढता "मामी, भूक लागलीय" म्हणायचं. कोथरूडच्या गेटवर मला थांबवलं. इंटरकॉम बंद होता. मामा झोपले होते, वहिनी दवाखान्यात, मामेभावाचा फोन लागेना. पंचवीस मिनिटं मी हातात पिशवी घेऊन उभा. तेव्हा वॉचमनने आपली प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि म्हणाला, "साहेब, बसा. किती वेळ उभं राहणार?" तो लातूरकडचा होता. टपरीवरून त्याचा चहा आला, त्यातला अर्धा त्याने मला दुसऱ्या कपात ओतून दिला. त्या दिवशी मामाच्या दारात माझं जे काही आदरातिथ्य झालं, ते ज्याला आत जायची परवानगी नव्हती त्या माणसाने केलं. हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. मामांना वाईट वाटलं असतं.

असो. आम्ही निघालो सोमवारी. दोघांनी मिळून प्रवास केला की सवलत देणाऱ्या टू टुगेदर रेल्वे कार्डावर कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधीची गाडी चालत नाही, त्यामुळे दहाची गाडी. डब्यात भडंग, थर्मासमध्ये चहा, बायकोच्या पिशवीत प्रत्येक घरासाठी नाव घातलेली पुडकी. डरहमच्या पुलावर गाडी हळू होते आणि कॅथीड्रल दिसतं. बावीस वर्षांत ही गाडी शेकडो वेळा पकडली असेल, तरी तिथे माझी मान वळतेच.

पहिला मुक्काम यॉर्कला, वालचंद कॉलेजच्या होस्टेलमधल्या मित्राकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चल, तुला तुझ्या पुलाचं गाव दाखवतो." मला वाटलं थट्टा करतोय.

सांगलीकराला आयर्विन पूल सांगायला लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. कृष्णेवरचा हा कमानींचा पूल १९२९ मध्ये तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. गांधी-आयर्विन करारातले आयर्विन ते हेच. सांगलीला पुराचं पाणी मोजतात ते या पुलापाशी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना "कसा आहेस?" विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात. सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात वाढलेल्या पोराला पाढ्यांच्या आधी हे आकडे कळतात.

आयर्विन हे त्या माणसाचं आडनाव नव्हे. नाव एडवर्ड वुड, घराणं यॉर्कशरचं. भारतात येण्याआधी १९२५ मध्ये उमरावपद मिळालं तेव्हा त्याने नाव घेतलं "बॅरन आयर्विन ऑफ कर्बी अंडरडेल". यॉर्कहून पूर्वेला ए १६६ रस्त्याने स्टॅमफर्ड ब्रिज ओलांडून गेलं की गॅरोबीची चढण लागते. तिच्या अलीकडे-पलीकडे अरुंद वाटा फुटतात आणि त्यातल्या एका खळग्यात हे कर्बी अंडरडेल बसलेलं आहे. एक जुनं दगडी चर्च, मोजकी घरं, कापणी झालेली गव्हाची रानं, मेंढरं. रस्त्यावर एक माणूस नव्हता. मी चर्चच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. ज्या नावाने माझ्या गावाचं पाणी मोजतात, ते नाव या खळग्याशी बांधलेलं आणि इथल्या लोकांना त्याची कल्पनाही नसेल. खिशातला मोबाइल काढला. रेंज नीट नव्हती, पण सकाळचा मेसेज आलेला होता. कोयनेतून विसर्ग वाढवलाय, आयर्विनला ३७.

माझी आई आता विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहते. गावभागातलं घर आम्ही विकलं. ३७ काय आणि ४७ काय, आमचं काही भिजणार नाही. तरी दर ऑगस्टमध्ये मी हा आकडा बघतो. सकाळी उठल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, रात्री झोपताना. न्यूकासलला राहणाऱ्या माणसाला याचा काय उपयोग, असं मला इथल्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं. मला सांगता आलं नाही.

यॉर्कहून डॉन्कास्टर अर्ध्या तासावर. तिथून बसने पूर्वीच्या कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात जायचं. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आमचे डॉक्टरकाका, तिथल्या एका गावात राहतात. मिरज मेडिकलचे. १९७१ मध्ये इंग्लंडला आले. त्या काळात हिंदुस्थानातून आलेल्या डॉक्टरांना मोठ्या शहरातल्या चांगल्या जागा सहसा मिळत नसत. जिथे गोरा डॉक्टर जायला तयार नसे, ती खाणीची आणि गिरण्यांची गावं त्यांच्या वाट्याला येत. काकांच्या वाट्याला हे गाव आलं आणि ते तिथलेच झाले. मार्च १९८४ ते मार्च १९८५ खाणकामगारांचा संप चालला. त्या वर्षी घराघरांत चूल कशी पेटत होती हे त्यांनी दवाखान्यात बसून पाहिलंय. "औषध लिहून देऊन उपयोग नव्हता रे," ते म्हणाले. "अर्ध्या लोकांचा आजार म्हणजे भूक. आणि तरी दाराशी बटाटे ठेवून जायचे. डॉक्टरचे बटाटे म्हणून, आपल्या जमिनीच्या तुकड्यातले." पुढे खाण बंद झाली. दवाखान्यातून काका निवृत्त झाले. गाव सोडलं नाही.

काकी २०२० च्या एप्रिलमध्ये गेल्या. तेव्हाचे नियम असे, की क्रिमेटोरियममध्ये मोजून काही माणसं. मुलगी आली, मुलगा मेलबर्नहून येऊ शकला नाही. मी न्यूकासलहून निघू शकलो नाही. पण काकींना घेऊन गाडी घरापासून निघाली तेव्हा गल्लीतला प्रत्येक माणूस आपापल्या दाराबाहेर येऊन उभा होता. दोन घरांमध्ये अंतर ठेवून, टोप्या काढून, गाडी वळेपर्यंत. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. हे काका मला पाच वर्षांत तिसऱ्यांदा सांगत होते आणि मी तिसऱ्यांदा पहिल्यासारखं ऐकत होतो.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत मिरजेचा तानपुरा आहे. गवसणी घातलेला, कोपऱ्यात उभा. हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की हवा कोरडी होते, त्यात एका वर्षी भोपळ्याला बारीक चीर गेली. तेव्हापासून रेडिएटरजवळ ते पाण्याचं पातेलं ठेवतात. ऑगस्टमध्ये हीटिंग बंद असतं, तरी पातेलं भरलेलं होतं. काकी भरून ठेवायच्या, ती सवय त्यांनी मोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मागचं दार वाजलं नाही, थेट उघडलं. शेजारचे म्हातारे गृहस्थ, पूर्वीचे खाणकामगार, आत आले. किटली चालू केली, आमच्याकडे बघून "मॉर्निंग, लव्ह" म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. काकी गेल्यापासून हा रोजचा रिवाज आहे. काकांच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते. सात वाजता पुढचे पडदे उघडलेले दिसले नाहीत तर ते किल्लीने आत येतात. दोघे चहा पितात, फारसं बोलत नाहीत, मग ते आपल्या कुत्र्याला घेऊन जातात. बुधवारी कचऱ्याचा डबा पुढे काढतात, गुरुवारी आत घेतात.

मी बायकोकडे बघितलं. मामेभावाला दाखवायला मला याच्याहून चांगला पुरावा मिळाला नसता. ही बघ अपॉइंटमेंट. एक यॉर्कशरचा खाणकामगार आणि एक मिरजेचा ब्राह्मण, ना रक्ताचं नातं ना भाषेचं, आणि मागचं दार पाच वर्षं उघडं. मी फोटो काढणार होतो. काका म्हणाले, "नको. त्याला आवडणार नाही."

पण त्याच घरात आणखी एक गोष्ट होती, तीही सांगितली पाहिजे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काकांनी काही रविवारांभोवती लाल गोल काढलेले होते. मुलगी सरेहून दर तिसऱ्या रविवारी येते. चार तास गाडी चालवून येते, संध्याकाळी परत जाते. आमच्या मुक्कामाच्या दोन तारखांभोवतीही गोल होता. आम्ही दुपारी पोचणार हे माहीत असून काका त्या दिवशी पहाटे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी म्हटलं, "काका, एवढं आधी?" तर म्हणाले, "तारीख ठरली की आधीचे आठ दिवससुद्धा भेटीतच जातात. अचानक आला असतास तर मला फक्त दोनच दिवस मिळाले असते."

हे वाक्य मी मनातल्या मनात मामेभावाला कितीदा ऐकवलंय. तारीख विचारणं म्हणजे परकेपणा नव्हे. "तुझ्यासाठी मी हा दिवस राखून ठेवतो, तूही माझ्यासाठी ठेव," असं त्यात असतं. आपल्याकडे माणूस अचानक येतो, घरची बाई गॅसवरचं उतरवून त्याच्यासाठी पुन्हा कुकर लावते, पोराचा अभ्यास बुडतो, आजोबा चहासाठी ताटकळतात आणि सगळे हसतमुख. यात देव कोण आणि राबतं कोण, हे माझ्या आईने आयुष्यभर सोसलंय. वडिलांकडचे लोक रात्री दहाला येत. आई पुन्हा कणीक मळायची. माझ्या बायकोला इथे बावीस वर्षांत असं एकदाही मळायला लागलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

डॉन्कास्टरहून हडर्सफील्ड, मावसबहिणीकडे. रविवारी रेल्वेची बदली बस, त्यात अर्धा दिवस गेला. ती हॉस्पिटलात नर्स आहे, आमच्यासाठी तिने नाइट बदलून घेतली होती. पुढे मँचेस्टरला तिनेच एम ६२ वरून गाडीने सोडलं. त्या मोटरवेच्या दोन बाजूंच्या मधोमध एक शेत आणि दगडी घर आहे, स्टॉट हॉल फार्म. सगळे सांगतात, की म्हाताऱ्या शेतकऱ्याने जमीन द्यायला नकार दिला म्हणून सरकारला रस्ता दोन बाजूंनी न्यावा लागला. बहिणीनेही तेच सांगितलं. मी सिव्हिलचा माणूस. खरं कारण असं, की तिथल्या जमिनीखालच्या खडकात मोठी भेग आहे, दोन्ही रस्ते एका पातळीत बांधता येत नव्हते. पण भूगर्भ कोणाला आवडतो? लोकांना हट्टी म्हातारा हवा असतो. मामेभावाचं तसंच आहे. त्याच्या मनात एक थंड, दारं लावून बसलेलं इंग्लंड आहे, आणि सोसायटीतल्या भांडणासाठी त्याला ते उपयोगी पडतं.

लेस्टरला वर्गमित्राच्या शेजारी एक गुजराती आजी राहतात. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं तेव्हा आलेल्या. त्या वेळी लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने भरलेत, इथे येऊ नका. तरी लोक आले. आज भारतीय दुकानांनी भरलेल्या बेलग्रेव्ह रोडवरून चालत गेलं की ती जाहिरात देणाऱ्यांचं काय झालं असेल, असा विचार मनात येतो. आजींनी संध्याकाळी कुंपणावरून थेपले दिले, मग लोणचं दिलं, मग लोणच्याची बरणी परत मागायच्या निमित्ताने घरात आल्या आणि अकरापर्यंत बसल्या. त्यांनी तारीख विचारली नव्हती. मित्राची बायको दुसऱ्या दिवशी सहाच्या शिफ्टला जाणार होती, तरी उठा म्हणाली नाही.

लंडनला दोन मुक्काम. डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळात एक दुपार गेली. हे मंडळ १९३२ पासून आहे, आपल्या बऱ्याच पुणेरी संस्थांइतकं जुनं. तिथून आम्ही १०, किंग हेन्रीज रोडला गेलो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केलं. मी दुसऱ्यांदा गेलो. निळ्या पाटीसमोर नागपूरचं एक कुटुंब उभं होतं. बाप पोराला उचलून पाटी वाचायला लावत होता, एकेक अक्षर.

आणि इथे माझं आतापर्यंतचं बोलणं अडतं. कारण या घराबद्दल काय झालं ते मला ठाऊक आहे. वस्तीतलं घर संग्रहालय म्हणून वापरता येणार नाही, असं लंडनच्या त्या भागाच्या, म्हणजे कॅमडेनच्या नगर परिषदेने ठरवलं. भेटायला येणाऱ्या लोकांचा त्रास होतो अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. सुनावणी झाली आणि २०२० च्या मार्चमध्ये वरून परवानगी मिळाली. म्हणजे गल्लीला गेट नव्हतं, वॉचमन नव्हता, रजिस्टर नव्हतं, आणि तरीही आमच्या माणसांनी घंटा वाजवणं नको होतं. मी त्या रस्त्यावर उभा होतो, छान झाडं, रंगवलेली दारं, आणि मला कोथरूडची सभा आठवली. नको असलेल्या पाहुण्याला बाहेर ठेवायला प्रत्येक देशाकडे आपापली पद्धत असते. हे मला यॉर्कलाही माहीत होतं, मी ते बोलत नव्हतो इतकंच.

परतीची गाडी किंग्ज क्रॉसहून. स्टीव्हनेज गेल्यावर पुण्याहून वहिनीचा फोन आला. आमचा डबा क्वाएट कोच, म्हणून मी दाराजवळच्या जागेत जाऊन उभा राहिलो. ती मामांच्या तब्येतीचं सांगत होती, बोलता बोलता सभेवर आली. मी जरा तिरकसच म्हटलं, की तुझ्या नवऱ्याने माझ्या फ्रिजची फारच प्रसिद्धी केली. ती म्हणाली, "ते सोडा हो. शेवटी काय म्हणाले माहीत आहे का? म्हणाले, तीन रात्रींची नोंद कसली मागता? माझी आत्या पुराच्या वर्षी चार महिने या घरात होती. तेव्हा ती पाहुणी होती की घरची, हे तुमचं ऑफिस ठरवणार होतं काय?"

त्याची आत्या म्हणजे माझी आई.

ऑगस्ट २०१९. आयर्विनला ५७ फूट. आमच्या गावभागातल्या घराचा तळमजला पाण्यात गेला होता, आई एकटी माडीवर होती. मी एकुलता एक. मी इथे बसून दर तासाला आकडा बघत होतो. ब्रह्मनाळला बोट उलटली त्या दिवशी आईचा फोन लागत नव्हता. मी काय केलं, ते कोणाला सांगितलेलं नाही. मी ऑफिसच्या सिस्टिममध्ये रजेचा अर्ज भरला आणि मंजुरीची वाट बघत बसलो. रस्ते बंद आहेत, जाऊन तरी काय करणार, असं बायकोला सांगितलं. तेही खरंच होतं. मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर मामेभाऊ निघून गेला होता. त्याने मला विचारलं नाही, स्वतःच्या ऑफिसला विचारलं नाही. गाडीत पाण्याचे कॅन, चादरी, बिस्किटं टाकली, हायवे बंद म्हणून विटा-तासगाववरून मिळेल तसा गेला, आणि दोन दिवस शोधून विश्रामबागच्या बाजूला एका मंगल कार्यालयात शेकडो माणसांमध्ये बसलेली माझी आई त्याने शोधून काढली. तिच्या मांडीवर कोणाचं तरी तान्हं पोर झोपलं होतं, म्हणून ती म्हणे पटकन उठेना. मग तिला पुण्याला नेलं. मी गेलो ऑक्टोबरात, तिकीट स्वस्त झाल्यावर. आठ दिवस राहिलो.

त्याच्या मेसेजला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. वर लिहिलंय त्यातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही. काकांचा गोल काढलेला रविवार खरा आहे, आईची रात्री दहाची कणीक खरी आहे, गेटवरची खुर्ची खरी आहे. पण माझ्या दारात कोणी न सांगता आलं तर मी उघडेन का, हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता. न सांगता जावं लागलं तर मी जाईन का, एवढंच बहुधा त्याला विचारायचं होतं.

"तो आहे का घरी?" मी वहिनीला विचारलं.

तिने फोन दिला. बाहेर पीटरबरोचे सपाट मळे पळत होते. तो काही बोलेना, मीही बोलेना. गाडीचा आवाज त्याला ऐकू जात असणार.

"काय रे," मी म्हटलं, "आयर्विनला किती?"

"एकोणचाळीस. सकाळी चाळीसला टेकलं होतं. उतरतंय." मग थोडं थांबून म्हणाला, "आत्याकडे परवा जाऊन आलो. तुझी भडंगाची ऑर्डर तिने दिलीय."